गती शिकवताना नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

चाल, वेग, त्वरण यांच्या व्याख्या मुलं घडाघड म्हणतात आणि पहिल्याच गणिताला अडखळतात. वर्गात हमखास जमणारे प्रयोग, त्यांची मापं आणि फसण्याच्या जागा इथे लिहा.

*

सरासरी चालीपासून सुरुवात करा. ६० किमी जाताना ताशी ६०, परतताना ताशी ४०, सरासरी किती? सगळा वर्ग ५० म्हणतो. वेळ मांडायला लावा: १ तास अधिक दीड तास, म्हणजे १२० किमीला अडीच तास. चाल ताशी ४८! संथ टप्प्यात वेळ जास्त जातो, म्हणून त्याचं पारडं जड. लगेच सरासरी वेग विचारा. शून्य, कारण निघालो तिथेच परतलो. विस्थापनाची (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) व्याख्या यानंतर द्यावी, मग ती पटते.

*

त्वरणाला उतारावरची गोटी. २ मीटरचं ॲल्युमिनियम चॅनेल, एक टोक फक्त ५ सेंमी उचललेलं. वरून १२.५, ५०, ११२.५ आणि २०० सेंमीवर खुणा. मोबाईलमधल्या मेट्रोनोमच्या (सारख्या अंतराने ठोके देणाऱ्या ॲपच्या) ठोक्यावर गोटी सोडा आणि चौथ्या ठोक्याला ती शेवटच्या खुणेवर येईल असा ठोका जुळवा. मधल्या खुणाही ठोक्याठोक्याला गाठल्या जातात. टप्प्यांची अंतरं १:३:५:७.

उतार वाढवायचा मोह टाळा. गोटी सेकंदभरात खाली आली, तर ठोका आणि खूण जुळली की नाही हे डोळ्याला ठरवताच येत नाही. गॅलिलिओनेही उतार घेतला तो गती संथ होऊन मोजता यावी म्हणूनच. गोटी बोटांनी सोडली की नकळत धक्का बसतो. पुढे पट्टी आडवी धरून झटकन उचला. चॅनेल मध्ये झोल खात असेल तर गुणोत्तर बिघडतं, तिथे टेकू द्या.

*

वर फेकलेला चेंडू. माथ्यावर वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, हा समज फार चिवट आहे. दर सेकंदाचा वेग फळ्यावर लिहा, मी/से मध्ये: १९.६, ९.८, ०, −९.८, −१९.६. प्रत्येक पायरीला फरक −९.८ च, शून्याच्या अलीकडे आणि पलीकडेही. माथ्यावर त्वरण नसतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. उतरताना त्वरण ऋणच असतं, चाल मात्र वाढते. म्हणून ‘ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणं’ असं कधीच शिकवू नये. धन दिशेचा बाण आधी काढा.

*

ताशी किमीला ३.६ ने भागलं की मी/से. ७२ चे २०. ब्रेकने त्वरण −५ मी/से² मिळालं तर गाडी ४० मीटरवर थांबते, ताशी ३६ ला मात्र १० मीटरवरच. वेग-काल आलेखात त्रिकोण काढून दाखवा: पाया ४ सेकंद, उंची २०. निम्म्या वेगाला पाया आणि उंची दोन्ही निम्मे, म्हणून क्षेत्रफळ, म्हणजेच थांबेपर्यंतचं अंतर, पाव.