मदत हवी आहे: निळ्या पूररेषेत दाखवलेली आमची इमारत रेषेबाहेर काढता येते का?

कर्वेनगरची

नमस्कार मंडळी. इथे नगररचना, पाटबंधारे वगैरे खात्यांत काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

आमची सोसायटी कर्वेनगरच्या बाजूला, मुठेपासून फार लांब नाही. तीन मजले, बारा फ्लॅट, १९८८ चं बांधकाम, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला आहे. जागा रस्त्याकडे उंच आणि नदीकडे उतरती. मागच्या भिंतीलगत दुचाक्यांचं पार्किंग, तो सगळ्यात सखल भाग.

पुनर्विकासाची बोलणी बरीच पुढे गेली होती. मग बिल्डरच्या आर्किटेक्टने डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) नकाशा काढला आणि म्हणाला, अख्खा प्लॉट निळ्या रेषेच्या आत आहे. बिल्डरचे फोन बंद. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकत घेणाऱ्याला एका बँकेने त्याच कारणावरून कर्ज नाकारलं. आता आमच्या जिन्यात दुसरा विषय नाही.

आमचं म्हणणं असं की इमारतीत पाणी येतच नाही. २५ जुलै २०२४ ला पहाटे समोरच्या काठावर एकतानगरीत तळमजले पाण्याखाली होते. आमच्याकडे पाणी मागच्या भिंतीच्या पलीकडे होतं, भिंतीवरून आलं नाही. आलं ते पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण उचलून, तपकिरी, स्कूटरच्या फूटबोर्डापर्यंत. जिन्याची पहिली पायरी बुडाली, दुसरी नुसती ओली झाली. तळमजल्यावर पुसायलासुद्धा लागलं नाही. तरी पंचनाम्यात 'पाणी शिरले' असं लिहिलंय, आणि अध्यक्षांना भीती वाटते की तोच कागद आता आमच्यावर उलटेल.

तर विचारायचंय ते असं. एका इमारतीपुरतं 'ही पूररेषेत नाही' असं अधिकृतपणे लिहून घेता येतं का? अर्ज कोणाकडे करायचा, महापालिकेकडे की पाटबंधाऱ्याकडे? पंचनामा खरंच नडेल का? एक गृहस्थ 'लाइन हलवून देतो' म्हणून येऊन गेलेत. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकूनही निम्मी सोसायटी वर्गणी काढायला तयार आहे, म्हणून जरा घाईने लिहितेय. आणि माझ्या आतेभावाने अमेरिकेत त्याचं घर फ्लड झोनमधून काढून घेतलं म्हणे. तसं काही आपल्याकडे आहे का?

मुठाकाठ

आमचंही सेम टू सेम, वारज्याच्या बाजूला. धागा वाचत राहणार. त्या गृहस्थांना चहा पाजा आणि पाठवून द्या.

तलांक

ताई, पाटबंधारे खात्यात हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे, नकाशावर दिसते ती रेषा मूळची रेषा नव्हेच. मूळ गोष्ट आहे पातळी. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतात, अमुक इतकं पाणी सोडलं तर त्या छेदापाशी ते समुद्रसपाटीपासून किती मीटरवर पोचेल ते गणिताने काढतात, आणि त्या पातळ्या जमिनीच्या उंचसखल नकाशावर जोडत नेतात. दोन छेदांच्या मधला भाग अंदाजाने जोडलेला असतो. शिवाय १:१०,००० च्या नकाशावर पेनाची एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर दहा मीटर. तुमची इमारत त्या रेघेच्या आसपास असेल तर नकाशाकडे बघून आत की बाहेर हे आर्किटेक्टही सांगू शकत नाही. त्याने सांगितलं ते नकाशा बघून. जमिनीवर लेव्हल लावून नव्हे.

दुसरं, निळी आणि लाल म्हणजे काय ते नीट समजून घ्या. राज्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून व्याख्या चालत आली आहे: निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा तो. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. २०१८ मध्ये परिपत्रक नव्याने निघालं, पण निळी-लालची विभागणी तीच राहिली. नदी ते निळी हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि बँकेचा माणूस मात्र दोन्हींना 'फ्लड लाइन' म्हणून मोकळा होतो.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. 'आमच्याकडे पाणी आलं नाही' हे अर्जात लिहू नका. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक आणि लाल रेषा १ लाख क्युसेक धरून आखलेली आहे. २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबाचं पाणी त्या दिवशी आलंच नाही. ३५ हजाराला तुमच्या भिंतीशी पाणी टेकलं असेल, तर तुमचाच पुरावा तुमच्यावर फिरतो. १९६१ ची साक्षही काढू नका. तो पानशेत फुटल्याचा लोंढा होता, पावसाचा पूर नव्हता, आणि तेव्हा तुमची इमारतही नव्हती.

पंचनाम्याची भीती सोडा. पूररेषा पंचनाम्यावरून आखत नाहीत. चेंबरचं पाणी हा तर वेगळाच आजार आहे: नदी चढली की पावसाळी गटाराचं तोंड तिच्या पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं फिरतं. त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, पूररेषेशी त्याचा संबंध नाही. प्लंबरला बोलवा, पुढच्या जूनच्या आत.

करायचं काय? माहिती अधिकारात जलसंपदा विभागाकडून (म्हणजे आपलं पाटबंधारे खातंच) तुमच्या प्लॉटसमोरच्या छेदाची साखळी (नदीच्या लांबीवरचं अंतर), आडवा छेद आणि दोन्ही पुरांच्या पातळ्या मागा. अर्ज साधा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. 'आमची इमारत रेषेत आहे का' असं विचारलंत तर 'नकाशा पाहावा' असं एका ओळीचं उत्तर येईल. आकडा मागा. मग बाहेरचा चांगला सर्व्हेअर लावून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या, जोत्याच्या आणि पार्किंगच्या पातळ्या घ्या. त्याने कुठल्या बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरून) पातळी आणली ते अहवालात हवंच. पुण्यात लोक जिन्याची पायरी १०० धरून लेव्हल काढतात. तो कागद सिंचन भवनात, म्हणजे जलसंपदाच्या कचेरीत, कोणी हातात धरत नाही.

सातासमुद्रापार

कर्वेनगरची, तुमच्या आतेभावाने केलं त्याला इकडे लोमा म्हणतात. मीही केलंय, न्यू जर्सीत. इथे फेमा नावाची आपत्ती खात्याची संस्था नकाशे काढते (आपल्याकडचा परकीय चलनवाला फेमा नव्हे). दर वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराची पातळी नकाशावर दिलेली असते. घराला टेकून असलेली सगळ्यात सखल जमीन त्या पातळीइतकी किंवा वर असेल, तर परवानाधारक सर्व्हेअरच्या मोजणीसह अर्ज करायचा. फेमा त्याची फी घेत नाही, सर्व्हेअर घेतो, आणि चांगली घेतो. कागद पूर्ण असले की साधारण ६० दिवसांत पत्र येतं. मुरूम टाकून जमीन उंच केली असेल तर मात्र अर्ज वेगळा, त्याला फी, आणि नियमही कडक.

पण गंमत अशी की नकाशा तसाच राहतो, फक्त तुमच्या घरापुरतं पत्र मिळतं. आणि पत्रानंतरही कर्ज देणारी बँक 'आम्हाला पूरविमा हवाच' म्हणू शकते. माझ्या बँकेने म्हटलं नाही, शेजाऱ्याच्या बँकेने म्हटलं.

तलांक

छान माहिती. आपल्याकडे एका घरापुरतं असं पत्र द्यायची ठरलेली योजना नाही. जलसंपदा विभागाचा अभिप्राय मागता येतो, तो सर्व्हे नंबर, प्लॉट आणि पातळीसकट. पण गणित तेच: सखल कोपऱ्याची पातळी विरुद्ध पुराची पातळी.

एकतानगरीतला

मी समोरच्या काठावरचा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या पहाटे आम्ही अंधारात आईला खुर्चीसकट वर नेलं. फ्रिज तरंगत होता. आम्हालाही वर्षानुवर्षं 'इथे पाणी येत नाही' असंच सांगितलं होतं. तुम्ही रेषेबाहेर याल, बिल्डर चौदा मजले चढवेल, तळघरात पार्किंग करेल आणि निघून जाईल. ६० हजार सोडायची वेळ आली की त्या पार्किंगमध्ये कोण असेल? रेषा हलवण्यापेक्षा इमारत कशी बांधायची ते बघा.

कर्वेनगरची

एकतानगरीतला, राग कसला. आईंना माझा नमस्कार सांगा. पण आमच्या इमारतीच्या गॅलऱ्यांचे गज उघडे पडलेत, स्लॅबचे पोपडे पडतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि काकू दोघंही ऐंशीच्या पुढचे, लिफ्ट नाही. पुनर्विकास नाही तर काय, वाट बघायची? तळघर नको हे मात्र मी सभेत मांडते.

तलांककाका, खूप आभार. अर्ज टाकतेय.

नकाशेवाला

मी आर्किटेक्ट, महापालिकेत फायली नेणं हेच काम. तुमच्या बिल्डरच्या आर्किटेक्टने यूडीसीपीआर उघडून पाहिलेलं दिसत नाही. राज्याची ही एकत्रित नियमावली २०२० ची. त्यात निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, पण तिथे आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास लाल रेषेच्या पातळीपेक्षा जोतं ०.४५ मीटर वर ठेवून मंजूर होऊ शकतो. निळी आणि लाल यांच्या मध्ये तर बांधकामच त्या अटीवर चालतं. आणि प्लॉटचा काही भाग निळ्या रेषेत, उरलेला बाहेर असेल, तर आतल्या भागाचा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्र) बाहेरच्या भागावर वापरता येतो. तुमचा पूर्णत्वाचा दाखला इथे सोन्याचा आहे, त्याची मूळ प्रत कोणाच्या घरी आहे ते आज शोधा.

म्हणजे 'रेषेबाहेर काढा' हा हट्ट कदाचित लागणारही नाही. लाल रेषेची पातळी किती, हा खरा प्रश्न. जोतं त्याच्यावर नेताना तळमजला स्टिल्ट (नुसत्या खांबांवरचा मोकळा) होतो आणि रॅम्पला जागा लागते. रस्त्याची बाजू उंच आहे म्हणालात, तेव्हा तुम्हाला ते जमण्यासारखं आहे.

आणि एक सूचना: अख्ख्या पट्ट्याची फेरआखणी करा अशी सामूहिक मागणी करू नका, निदान घाईत नाही. २०२४ नंतर सध्याच्या रेषाच अपुऱ्या आहेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत. नवी आखणी झाली की रेषा नदीकडेच सरकेल असं कोणी सांगितलं?

मुठाकाठ

हे विम्याबद्दल कोणी बोललं नाही. रेषेत असो वा नसो, घराचा विमा काढा. २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, त्यात पूर धरलेला आहे. आम्ही घेतली.

कर्वेनगरची

मंडळी, माहिती अधिकाराचं उत्तर आलं आणि सर्व्हेही झाला. सर्व्हेअरने दोन वेगवेगळ्या बेंचमार्कवरून पातळी आणली, ताळा जुळला.

मागचं पार्किंग निळ्या पातळीच्या खाली, साधारण दोन फूट. इमारतीचं जोतं निळ्या पातळीच्या वर, जवळपास तीन फूट. रस्त्याची बाजू त्याहून वर. मात्र जोतं लाल पातळीच्या खाली आहे, थोडंसंच. म्हणजे नकाशातली निळी रेघ पार्किंगमधून जायला हवी, ती इमारत ओलांडून रस्त्याला लागली आहे. सभेत हा कागद फिरवल्यावर 'लाइन हलवणारे' गृहस्थ एकदम मागे पडले. तळघर नको हा ठरावही झाला, दोन मतं विरोधात.

आता पुढे काय? महापालिकेत जाऊ की आधी सिंचन भवनात?

तलांक

छान झालं. आधी मंगळवार पेठेत, सिंचन भवनात. अर्जात एवढंच मागा: या साखळीपाशी विभागाने दिलेली निळी पातळी अमुक, आमची मोजलेली जमीन तमुक, तेव्हा विभागाने स्थळपाहणी करून प्लॉटपुरता अभिप्राय द्यावा. पार्किंग रेषेतच आहे हे स्वतःहून लिहा. ते लपवलेलं दिसलं तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. पाहणीला शाखा अभियंता येईल तेव्हा तुमचा सर्व्हेअर लेव्हलचं यंत्र घेऊन हजर पाहिजे.

नकाशेवाला

त्या अभिप्रायाची प्रत घेऊन मग महापालिकेत, बांधकाम विकास विभागात. तिथे मागणी वेगळी: पार्किंगचा पट्टा निषिद्ध धरून त्याचा एफएसआय उरलेल्या प्लॉटवर, आणि नवं जोतं लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर. दोन्ही मागण्या एका अर्जात घालू नका, फाईल दोन टेबलांमध्ये अडकते. सोबत प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) लागेल. जुन्या मोजणीवर मागची भिंत दाखवलेली नसेल तर नवी मोजणी आत्ताच टाका, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

कर्वेनगरची

भिंत दाखवलेली नाहीये, आत्ताच बघितलं. सोमवारी भूमी अभिलेखला जाते. तातडीच्या मोजणीची फी किती पडते, कोणी अलीकडे भरली आहे का?