‘क्लू’ला मराठीत काय म्हणायचं? आणि तो आला कुठून?

अनुवादवेडी
एका रहस्यकथेचा अनुवाद करतेय. पहिल्या दहा पानांत ‘क्लू’ सात वेळा आलाय. मी सगळीकडे ‘पुरावा’ लिहिलं. मैत्रिणीने कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाली, “पुरावा तिसऱ्याच पानावर मिळाला, तर पुढे शोधतात काय?” तिचं अगदी खरं आहे. या शब्दाचा नेमका अर्थ कोणी सांगेल का?

लोकरवाली
हा माझा फार लाडका शब्द! क्लू म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा. जुन्या इंग्रजीत ‘क्लिवेन’, पुढे ‘क्ल्यू’, आणि स्पेलिंगच्या टोकाला ‘ई-डब्ल्यू’ (clew). ‘ब्लू’, ‘ट्रू’ यांच्या वळणावर जाऊन ते ‘यू-ई’ (clue) झालं.

गुंड्याचा माग कसा झाला, तर ग्रीक कथेमुळे. क्रीटच्या राजाने, मिनॉसने, अर्धा बैल-अर्धा माणूस असलेल्या मिनोटॉरला चक्रव्यूहात कोंडलं होतं. थीसियस नावाचा वीर त्याला मारायला आत निघाला, तेव्हा राजकन्या अरिआड्नीने त्याच्या हाती दोऱ्याचा गुंडा दिला. दोरा सोडत आत जायचं, धरत बाहेर यायचं. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने ही कथा सांगताना हाच ‘क्ल्यू’ वापरलाय. पुढे प्रत्यक्ष दोरा गळून पडला आणि गुंत्यातून वाट दाखवणारी कुठलीही गोष्ट ‘क्लू’ झाली.

मी रोज विणते. गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला की तो दिसत नाही, हातात फक्त दोरा असतो. त्या क्षणी हातात असतो तो क्लू. गुंडा सापडला की पुरावा.

आणि आपण ‘धागेदोरे हाती लागले’ म्हणतोच की! मराठीतही तपास दोऱ्यानेच चालतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

कोडीप्रेमी
छान. एक भर घालतो: ‘हिंट’ आणि ‘क्लू’ एक नव्हेत. हिंट कोणीतरी मुद्दाम देतं, क्लू आपला आपल्याला सापडतो. शब्दकोडं हा अपवाद, तिथे क्लू दिलेलाच असतो. ‘आय हॅवन्ट अ क्लू’ला मात्र धागा लावू नका, ‘मला काहीच कल्पना नाही’ एवढं पुरे.

अनुवादवेडी
‘सुगावा’ चालेल का?

लोकरवाली
सगळीकडे नाही. सुगावा ‘लागतो’, तो उचलून खिशात घालता येत नाही. कटाचा सुगावा लागला, हे बरोबर. पण गालिच्यावर पडलेलं बटण हा सुगावा नव्हे, तो धागा.

अनुवादवेडी
बसले आणि सातही जागा बदलल्या. चार ठिकाणी ‘धागा’, दोन ठिकाणी ‘माग’, एका ठिकाणी ‘सुगावा’. ‘पुरावा’ आता थेट शेवटच्या प्रकरणात येईल. लोकरवालीताई, बटणाचं उदाहरण कसं सुचलं तुम्हाला? माझ्या कथेत खरंच एक बटण आहे!