डिलिव्हरीसाठी हॉस्पिटल ठरवताना नेमकं काय विचारायचं?

उमरेडवाला:
बहिणीला आठवा महिना लागलाय, पहिलटकरीण आहे. दोन वर्षांआधी आमच्या चुलत वहिनी डिलिव्हरीनंतर गेल्या. बाळ ठीक होतं, त्याही बोलत होत्या, मग रक्त जातच राहिलं आणि सिस्टर म्हणे एवढं तर जातंच, रात्री नागपूरला आणेपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून आई धास्तावलेली आहे. जिथं जातो तिथं एसी रूम न् पॅकेज सांगून राहिले. खरं काय विचारू?

लेबररूम_सिस्टर:
दादा, वाचून पोटात कालवलं. नॉर्मल डिलिव्हरीत अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं की धोका समजायचा, पण नुसतं पाहून अंदाज केला तर तो कमीच निघतो, अर्धं तर चादरीत न् कापसात मुरतं. म्हणून मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कमरेखाली लावतात, त्यात आकडाच दिसतो. 2023 ला आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 हॉस्पिटलांचा अभ्यास आला, पिशवीने मोजून गर्भाशयाचा मसाज, इंजेक्शनं, सलाईन एकदमच सुरू केलं तर जीवघेणा रक्तस्राव न् त्यातून होणारे ऑपरेशन, मृत्यू मिळून 60 टक्के कमी झाले. तर पहिला प्रश्न हाच, रक्त मोजता कसं? दुसरा, ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं इंजेक्शन, फ्रीजमध्ये असतं का? 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं आणि आपल्या मे महिन्यात ट्रेवर पडून राहिलं तर त्याचा जोर जातो. पहिले दोन तास तिच्याजवळ कोण बसणार तेही विचारा.

भिवापूरची_आशाताई:
आधी हिमोग्लोबिन बघा, कमी असलं तर थोडं रक्त गेलं तरी बाई खचते. आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी सोडूच नका. बीपी 140/90 च्या वर, डोकं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही. दर 9 तारखेला सरकारीत डॉक्टरांची फुकट तपासणी असते. 102 ला फोन केला की गाडी येते, पैसे लागत नाहीत.

मेडिकलजवळ_राहतो:
रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात येतो आणि तिच्या गटाचं रक्त कुठून आणणार, हे मालकाला नाही, रात्रपाळीच्या माणसाला विचारा. आम्ही तसंच केलं होतं.

उमरेडवाला:
ताई, आत्ताच कार्ड पाहिलं, हिमोग्लोबिन 8.6. सिकलसेलचा रकाना कोराच आहे. उद्या सकाळीच नेतो तिला.