बॉस्टनमधल्या चार्टर मिडल स्कूलबद्दल कोणाला माहिती आहे का? (रॉक्सबरी प्रेप)

मिशनहिलकर_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून बॉस्टनला आलो, नवरा लाँगवूडला रिसर्चमध्ये आहे, लेक पाचवीत. शेजारच्या बाई म्हणतात रॉक्सबरी प्रेपमध्ये टाक, अभ्यास छान घेतात. पण मला चार्टर म्हणजे प्रायव्हेटच वाटतं, फी किती, एंट्रन्स असते का? आणि शिस्त म्हणे फार कडक, आमची पोरगी भयंकर बडबडी आहे हो.

अण्णा_डॉर्चेस्टर:
फी अजिबात नाही. चार्टर पब्लिकच, पैसा सरकारी, फक्त कारभार शहराच्या शाळाखात्याकडे नसतो, स्वतःचं बोर्ड असतं. एंट्रन्सपण नाही, अर्ज जास्त आले की लॉटरी, आपल्या आरटीईसारखी, पण उत्पन्नाचा दाखला वगैरे भानगड नाही. भावंड आधीपासून शाळेत असेल तर त्यांचा नंबर आधी. सातवीत निवड करून घेतात ती बॉस्टन लॅटिन, ती वेगळी सरकारी शाळा, तिचा यात काही संबंध नाही.

जुना_बॉस्टनकर:
ही शाळा १९९९ ची, सहावी ते आठवी एवढीच होती, जॉन किंग आणि इव्हान रुडॉल यांनी काढली, किंग पुढे ओबामांच्या काळात देशाचे शिक्षणमंत्री झाले. शाळा भरायची कुठे, तर एका नर्सिंग होमच्या तिसऱ्या मजल्यावर! पण गणिताचे रोज दोन तास, एकात आकडेमोड पक्की करून घ्यायची आणि दुसऱ्यात शाब्दिक गणितं, आणि वाचन वेगळं, लेखन वेगळं. मुलं बहुतेक सगळी ब्लॅक आणि लॅटिनो घरांतली. नंतर ती अनकॉमन स्कूल्सच्या साखळीत गेली, कॅम्पस वाढले, हायस्कूल आलं, त्यामुळे "छोटी शाळा" ऐकून जाऊ नका, कुठल्या कॅम्पसला नंबर लागेल ते आधी विचारा.

वैतागलेला_बाबा:
शिस्तीचं मी सांगतो. २०१२-१३ ला राज्याच्या आकडेवारीत या शाळेतली जवळपास ६० टक्के मुलं वर्षात एकदा तरी सस्पेंड झालेली होती, पेपरात बराच गाजावाजा झाला होता. आत्ताचा आकडा शिक्षणखात्याच्या साइटवर शाळेच्या नावाने मिळतो, तो बघाच. आमचा मुलगा दुसऱ्या एका चार्टरला होता, शर्ट बाहेर आला की डेमेरिट (म्हणजे चुकीची नोंद), रांगेत बोलला की डेमेरिट, आणि शुक्रवारी सगळे गोळा करून डिटेंशन, म्हणजे शिक्षा म्हणून शाळेत थांबवायचं. पण त्याच शाळेतले गणिताचे सर रात्री आठला फोनवर अपूर्णांक समजावत बसायचे, हेही खरंय.

अण्णा_डॉर्चेस्टर:
@वैतागलेला_बाबा बरोबर, पण लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून बॉस्टनच्या चार्टर मिडल स्कूल्सचा अभ्यास झालाय, गणितात फरक चांगलाच मोठा निघाला. सस्पेन्शनमुळे सगळंच वाया असं नाही म्हणता येत.

वैतागलेला_बाबा:
मार्क वाढतात हो, ते कोण नाही म्हणतंय. पोरगं सकाळी पोटात दुखतंय म्हणायला लागलं की मार्कांचं काय करू?

मिशनहिलकर_आई:
बापरे, दोन्ही बाजू कळल्या. ओपन हाउसला, म्हणजे शाळा बघायच्या दिवशी, लेकीलाच घेऊन जाते, रांगेतली मुलं बघून तीच काय ते सांगेल. अर्ज कधीपर्यंत असतात?

जुना_बॉस्टनकर:
लॉटरी मार्चच्या आसपास असते, अर्ज त्याआधी. नंबर नाही लागला तरी वेटिंग लिस्टवर राहा, शाळा सुरू होईपर्यंत ती सरकत असते.