बेअर्सची ओ-लाईन (जून २०२५): एका उन्हाळ्यात नवी लाईन उभी राहते का?

अस्वलप्रेमी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. कबड्डीच्या धाग्यावर मागे दोघातिघांनी सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलची फायनल) विषय काढला होता म्हणून विचारायची हिंमत करतोय, नाहीतर आमच्या वाडीत एनएफएल (तिथली अमेरिकन फुटबॉलची लीग) म्हटलं की लोक विचारतात, ते हेल्मेट घालून खेळतात ते रग्बी का. माझं काम शिकागोच्या क्लायंटचं, रात्रपाळी, तिथल्या पोरांच्या नादाने त्यांची टीम बेअर्स गळ्यात पडली आणि आता काही केल्या सुटत नाही.

तर विषय असा की २०२४ च्या सीझनला आमच्या क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), कॅलेब विल्यम्सला, ६८ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडलं. त्याला वाचवायचं काम ओ-लाईनचं: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल, असे पाच जण. अडुसष्ट! पोरगा ड्राफ्टमधला (कॉलेजच्या पोरांची दरवर्षीची निवड) पहिला नंबर, लीगमधलं पहिलंच वर्ष, आणि पेट्रियट्सच्या एका मॅचमध्ये तर नऊ वेळा आडवा. ती मॅच १९-३ ने हरलो, दोन दिवसांत ऑफेन्सच्या कोचला नारळ दिला, सीझन संपला ५-१२ वर. आता डेट्रॉइटहून बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आलाय आणि मार्च २०२५ मध्ये धडाधड तीन माणसं उचलली. कॅन्सस सिटी चीफ्सकडून गार्ड जो थूनी, तोही २०२६ च्या चौथ्या राऊंडच्या पिकवर (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क), म्हणजे जवळजवळ फुकटात. रॅम्सकडून दुसरा गार्ड जोना जॅक्सन सहाव्या राऊंडवर, हा जॉन्सनच्या हाताखाली डेट्रॉइटला खेळलेला. आणि सेंटर ड्रू डॉलमन, तीन वर्षांचे ४२ मिलियन डॉलर. म्हणजे मधले तिघे नवे कोरे.

पण ड्राफ्टमध्ये पहिले दोन पिक बॉल पकडणाऱ्यांवर घालवले (लव्हलंड दहावा, बर्डन ३९ वा), टॅकल ट्रॅपिलो आला तो ५६ व्या नंबरला. लेफ्ट टॅकल कोण खेळणार ते अजून कोणालाच माहीत नाही. माझा न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो हे सगळं उलटं केलंय, लाईन बांधायची तर लेफ्ट टॅकलपासून सुरुवात करतात. तर एका ऑफसीझनमध्ये अशी लाईन खरंच उभी राहते का, आणि पैसे मध्ये ओतलेत ते बरोबर का? जाणकारांनी जरा सांगा.

पहाटे_पाचचा_चीफ (वेंगुर्ला)

उभी राहते. २०२१ चं कॅन्सस सिटी बघ.

फेब्रुवारी २०२१ ची सुपर बोल मी पहाटे पाचला उठून बघितली आणि सात वाजता वाटलं झोपलो असतो तर बरं झालं असतं. आमचे दोन्ही टॅकल बाहेर. एरिक फिशरचा अकिलीस (टाचेची शीर) दोन आठवड्यांपूर्वी सेमीत फाटलेला आणि मिचेल श्वार्ट्झ पाठीने बसलेला. एक गार्ड तर डॉक्टर माणूस, कोविडमध्ये सीझन सोडून मॉन्ट्रियलला वृद्धांची सेवा करायला गेलेला. टँपाने आमच्या क्वार्टरबॅकवर, महोम्सवर, २९ वेळा प्रेशर आणलं, सुपर बोलचा रेकॉर्ड. शेवटी एक थ्रो होता, महोम्स मागे पळत पळत आडवा झालाय, जमिनीला समांतर, आणि हवेतूनच बॉल फेकला, तो बरोब्बर आमच्याच रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणारा) हेल्मेटच्या जाळीवर आपटून खाली पडला. ३१-९.

मग मार्चमध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांना एकाच दिवशी काढलं. ट्रेंट विल्यम्ससाठी हात मारून बघितला, तो फोर्टीनाइनर्सकडेच राहिला. मग थूनीला पाच वर्षांचे ८० मिलियन दिले (हो, तुमच्याकडे आलाय तोच थूनी). एप्रिलमध्ये पहिल्या राऊंडचा पिक देऊन रेव्हन्सकडून ऑर्लँडो ब्राऊन आणला. ड्राफ्टमध्ये ६३ व्या नंबरला सेंटर क्रीड हम्फ्री आणि २२६ व्या नंबरला गार्ड ट्रे स्मिथ. स्मिथ गुणी पोरगा, पण फुफ्फुसात रक्ताच्या गाठी झाल्याचा इतिहास होता म्हणून सगळे बिचकले आणि तो सहाव्या राऊंडपर्यंत घसरला. हे दोघे रूकी (पहिल्या वर्षाचे) सगळ्या १७ मॅचेस सुरुवातीपासून खेळले. पहिल्या मॅचला पाचच्या पाच माणसं नवी होती आमची.

आणि फळ काय, तर फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलला समोर ईगल्स, सीझनमध्ये ७० सॅक केलेले राक्षस, आणि त्यांना महोम्सचा एकही सॅक मिळाला नाही. ३८-३५ जिंकलो. तेव्हा धीर धर.

कव्हरवाली_चिपळूण

चीफदादा, ते खरं, पण तुम्ही माणसांची यादी दिलीत. ती पाच माणसं एकत्र कशी झाली ते राहिलं.

मी कॉलेजात असताना कबड्डीत कव्हर खेळायचे, म्हणून मला हा खेळ तिकडूनच कळतो. कॉर्नर आणि कव्हरची साखळी असते ना, रेडर बोनसला पाय टाकतो, कॉर्नर अँकलला जातो आणि त्याच क्षणी कव्हरने वरून यायचं असतं, अर्धा सेकंद आधी आली तरी गेली आणि नंतर आली तरी गेली. हे कोणी ओरडून सांगत नाही, हातातला हात खेचला जातो त्यावरून कळतं. लिलावात दोन महागडे डिफेंडर घेऊन शेजारी उभे केले म्हणून हे होत नाही, हे आपण दर सीझनला प्रो कबड्डीत बघतोच.

ओ-लाईनला तेच. सगळ्यात जास्त घोळ होतो स्टंटवर. म्हणजे समोरचा आतला जाड्या एकदम बाहेर घुसतो आणि तुमच्या टॅकलला खांदा लावतो, आणि बाहेरचा एज रशर (टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा) त्याच्या पाठीमागून वळून आत येतो. आता गार्डने काय करायचं? आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा आणि नजर परत आत आणून येणाऱ्याला घ्यायचं. गार्ड जर आपल्या माणसाच्या मागे बाहेर गेला तर मधे गल्ली मोकळी, क्वार्टरबॅक संपला. गार्डला टॅकलवर भरवसा हवा की हा माझा माणूस घेणारच. हा भरवसा जूनमध्ये तयार होत नाही कारण आत्ताच्या ओटीए (उन्हाळी) प्रॅक्टिसमध्ये पॅड घालायला बंदी, अंगाला अंग भिडवायला बंदी. नुसत्या चड्डी-बनियनवर पावलं गिरवायची. खरी टक्कर जुलै संपताना कँपमध्ये, आणि तिथेही पॅडचे दिवस मोजके. बाकीच्या पोझिशनवाल्यांना उन्हाळ्यात धावता तरी येतं, पकडता येतं, ह्या बिचाऱ्यांना मुख्य कामच करता येत नाही.

आता मधले का घेतले. बाहेरून रश आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून वाचतो. मधूनच भिंत कोसळली तर पुढे जायला जागा नाही, मग तो मागे पळतो आणि बारा यार्डांचा सॅक खातो, कॅलेबचं गेल्या वर्षी हेच बघितलं मी. शिवाय बाजाराचं गणित आहे. चांगला लेफ्ट टॅकल कोणी सोडतच नाही. सुटला तर पहिल्या राऊंडचा पिक मोजावा लागतो, वर चीफदादांनी सांगितलंच. गार्ड-सेंटर त्यामानाने मिळतात. आतेभावाचं म्हणणं वीस वर्षांपूर्वी ठीक होतं.

कुडाळचो_झील

अस्वलभाऊ, तुका घाबरवूचा नाय, पण बेंगॉल्सचा (सिनसिनाटीची टीम) पण सांगूक व्हया.

२०२१ च्या ड्राफ्टात पाचव्या नंबराक ह्येंनी पेनेई स्यूएल टॅकल सोडल्यानी आणि जमार चेस घेतल्यानी. चेस भारी, वाद नाय. पण त्येंच्या क्वार्टरबॅकाक, जो बरोक, त्या सीझनाक ५१ सॅक, प्लेऑफात (बाद फेरीत) आणखी १९. टायटन्सनी एकाच मॅचीत नऊ केल्यानी, तरी हे जिंकले म्हणा. सुपर बोलात रॅम्सनी सात केल्यानी, थय मात्र हरले.

मगे मार्च २०२२ त थैली मोकळी केल्यानी. सेंटर कॅरस, गार्ड कॅपा, टॅकल लाएल कॉलिन्स, तिघय नवे, तुमच्यासारखेच. आणि सप्टेंबरात पयल्या दोन मॅचीत बरोक १३ सॅक! दोनय मॅची हरले. मगे हळूहळू जमान इला, लाईन बरी दिसूक लागली, तेवढ्यात कॉलिन्सचो गुडघो गेलो, कॅपाचो घोटो गेलो, प्लेऑफात टॅकल जोना विल्यम्स गेलो. तीन बदली खेळाडू घेवन कॅन्सस सिटीक गेले आणि २३-२० हरले. पाच सॅक.

पयले पाच कोण ह्या सगळेच इचारतत. सातवो-आठवो कोण? तुमच्या बेअर्साक ता इचार.

अस्वलप्रेमी_रत्नागिरी

उशिरा उत्तर देतोय, सॉरी, यंदा २५ मेलाच देवगडात मान्सून टेकला आणि तेव्हापासून आमच्याकडे लाईट येतेजाते चाललंय, शेवटचा आंबा झाडावरच राहिला तो वेगळाच विषय.

झीलभावा, पहिल्या दोन मॅचेसमध्ये १३ सॅक वाचून पोटात गोळा आला. कव्हरताई, स्टंटचं एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं, मी काल पेट्रियट्सची ती मॅच परत लावली आणि आतले दोघे कुठे बघतात तेवढंच बघत बसलो, नऊपैकी काही सॅकमध्ये तर आपला गार्ड मोकळा उभा आहे, कोणालाच अडवत नाहीये.

पण एक सांगा, ६८ मधले सगळेच लाईनचे का? मला कधीकधी वाटतं पोरगा बॉल सोडतच नाही.

दर्यावर्दी_इंजिनरूम (दापोली)

बाळा, बरोबर पकडलंस. मी बोटीवर असताना ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स असे बरेच बंदर केलेत, तिथल्या सीमेन्स क्लबात हा खेळ बघायला शिकलो, आणि पहिली गोष्ट जी एका म्हाताऱ्या अमेरिकनाने सांगितली ती हीच की सॅक दिसला की आधी मनात आकडे मोज. बॉल हातात येऊन तीन सेकंद उलटले असतील तर शिव्या लाईनला द्यायच्या नाहीत. कॅलेब कॉलेजात पळून पळून जादू करायचा, तीच सवय घेऊन आलाय. त्यामुळे तिघे आणले म्हणून ६८ आपोआप निम्मे होणार नाहीत, त्यासाठी जॉन्सन लागतो. डेट्रॉइटला तो क्वार्टरबॅक गॉफला सेंटरच्या मागे चिकटून उभा करून रनचं नाटक खूप करायचा. त्या नाटकाने समोरचा रशर क्षणभर थबकतो, आणि लाईनमनला तेवढा क्षण पुष्कळ झाला.

आता चीफवाल्याला थोडं टोचतो. २०२१ चं कौतुक सांगितलंत, २०२५ च्या फेब्रुवारीच्या सुपर बोलचं का नाही सांगितलं? ब्राऊन गेला, लेफ्ट टॅकल कोणी टिकेना, शेवटी गार्ड थूनीलाच टॅकलवर उभा केला, आणि ईगल्सने एकही ब्लिट्झ (जादा माणसं अंगावर पाठवणं) न करता महोम्सला सहा वेळा पाडलं. ४०-२२. एका उन्हाळ्यात उभी केलेली लाईन दर उन्हाळ्यात परत उभी करावी लागते, कारण पैसे संपतात.

माझ्या मते धंदा शिकावा तो फिलाडेल्फियाकडून, म्हणजे ह्याच ईगल्सकडून. लाईनचे कोच स्टाउटलंड २०१३ ला आले आणि घरातच माणसं घडवली. जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला, आयुष्यात फुटबॉल खेळला नव्हता, २०१८ ला सातव्या राऊंडला घेतला, दोन वर्षं नुसता बसवून शिकवला आणि मग लेफ्ट टॅकल केला. सेंटर केल्सी रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी जर्गन्सला घेऊन ठेवला, एक वर्ष शेजारी गार्डला खेळवला. जेट्सने टाकून दिलेला बेक्टन, टॅकलचा गार्ड केला आणि चँपियन झाला. हे एका मार्चमध्ये विकत मिळत नाही.

थूनी मात्र झकास माल आहे हां. चार रिंगा (सुपर बोल जिंकल्याच्या अंगठ्या) आहेत माणसाकडे, दोन पेट्रियट्सच्या, दोन चीफ्सच्या. पण वय ३२.

पहाटे_पाचचा_चीफ (वेंगुर्ला)

काका, ती मॅच मी विसरायचा प्रयत्न करतोय 🙏

आणि एवढं बोलूनही, तीन सुपर बोल खेळलो त्या लाईनवर, दोन जिंकलो. दर उन्हाळ्यात परत बांधावी लागली तरी चालेल मला.

अस्वलप्रेमी_रत्नागिरी

काका, मग लेफ्ट टॅकलला कोण घालाल तुम्ही? ब्रॅक्स्टन जोन्स पाचव्या राऊंडचा, तीन वर्षं खेळतोय, पण डिसेंबरात घोट्याला फ्रॅक्चर. अमेगाजी येलचा, गेल्या वर्षीचा तिसऱ्या राऊंडचा. ट्रॅपिलो राईट टॅकल खेळून आलाय, आणि उजवीकडे तर डार्नेल राईट आहेच, त्याला हलवायचं नाही.

दर्यावर्दी_इंजिनरूम (दापोली)

जोन्सचा पाय बरा असेल तर जोन्स. शेजारी थूनी असल्याचा सगळ्यात जास्त फायदा त्यालाच आहे. ट्रॅपिलोला एक वर्ष बसून बघू दे, आणि झीलने विचारलेला सातवा-आठवा तोच.

कव्हरवाली_चिपळूण

माझं मत जो कोणी असेल तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरवा आणि मग हात लावू नका. तिघांना आलटून पालटून खेळवत बसले तर थूनीला शेजारचा कोण हेच कळणार नाही.

आणि अस्वलदादा, शेड्यूल बघितलंत का? पहिलीच मॅच वायकिंग्जशी, मंडे नाईट, म्हणजे आपल्याकडे ९ सप्टेंबर, मंगळवारी पहाटे पावणेसहा. त्यांचा डिफेन्स ब्रायन फ्लोरेस चालवतो. तो लाईनवर सहा-सात माणसं उभी करतो, त्यातले कोण येणार आणि कोण मागे पळणार ते बॉल हलेपर्यंत कळत नाही. नव्या सेंटरसाठी ह्याहून वाईट पेपर नाही. डॉलमन स्नॅपच्या (सेंटरने बॉल मागे देण्याच्या) आधी बोट कोणाकडे दाखवतो आणि बाकीचे चौघे तिकडेच बघतात का, तेवढं बघा.

कुडाळचो_झील

आणि इन्व्हर्टर चार्ज करून ठेव, सप्टेंबरात तुमच्याकडे पण लाईट जाताच.