पाटागोनियाचा शेठ आणि येऊरचे टर्फ

घोडबंदरवासी: काल एकाने लिहिलं, "डग टॉम्पकिन्ससारखा एक शेठ ठाण्याला मिळाला असता तर येऊर वाचलं असतं." येऊर म्हणजे ठाण्याला लागून असलेलं जंगल, आता तिथे रात्री दिवे लावून क्रिकेट खेळायची भाड्याची मैदानं, म्हणजे टर्फ, चालतात. ते वाचून डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. नॉर्थ फेस आणि एस्प्री या कपड्यांच्या ब्रँडवाल्या या अमेरिकन माणसाने निसर्ग राखायचा म्हणून दक्षिण चिलीत, पाटागोनियात, लाखो एकर घेतले, तेव्हा तिथल्याच लोकांनी बोंब मारली होती: समुद्रापासून अर्जेंटिनाच्या हद्दीपर्यंत जमीन घेऊन हा देशाचे दोन तुकडे करतोय. 2004 मध्ये चाकाबुको खोरं घेतलं, मेंढ्या विकल्या, कुंपणं उपटली. मेंढरांमागे फिरणाऱ्याने काय करायचं? शेठ तो शेठच, पाटागोनियातला असो नाहीतर पाचपाखाडीतला.

बेलापूरची_माई: अर्धंच सांगताय. 2015 मध्ये कायाक उलटून तो गेला. 2018 मध्ये बायकोने, क्रिस्टीनने, सुमारे 10 लाख एकर नॅशनल पार्कांसाठी चिली सरकारच्या हवाली केले आणि सरकारने स्वतःची सुमारे 90 लाख एकर त्यात घातली. आपल्याकडे एक गुंठा सोडताना भाऊ भावाचं तोंड बघत नाही! आणि नेरुळच्या तलावाचं काय? भरतीचं पाणी अडलं, 2024 मध्ये फ्लेमिंगो मेले. टॉवरच्या जाहिरातीत मात्र फ्लेमिंगो एका पायावर उभा.

घोडबंदरवासी: माई, प्रत्येक धाग्यात तुमचा फ्लेमिंगो येतोच.

बेलापूरची_माई: येणारच. तलावात येऊ देत नाहीत ना.

पाड्यावरचा: येऊर वाचवायला निघालात, आम्हाला विचारलं का? माझी आजी नाक्यावर करवंदं विकायची. परवा गेटवर मलाच ओळखपत्र मागितलं. मागून लग्नाच्या मांडवाचा टेम्पो आला, तो सरळ आत. बिबट्या आमची कोंबडी नेतो, आम्ही वाघोबाला नारळ देतो, विषय संपला. टर्फच्या दिव्यांना कुठला नारळ देऊ?

रात्रीचा_बॅट्समन: टर्फवर घसरायचं काम नाही. नऊला ऑफिसातून सुटतो, घोडबंदरला तासभर अडकतो. खेळायला मैदान ठेवलंय का ठाण्यात?

पाड्यावरचा: म्हणून बिबट्याच्या अंगणात खेळणार?

रात्रीचा_बॅट्समन: तुमच्याच लोकांनी जागा दिल्या ना भाड्याने?

पाड्यावरचा: माझ्या काकाने दिली. पोरीच्या लग्नाचं कर्ज होतं. आता तिथेच रात्रपाळीचा वॉचमन आहे. जमीन त्याची, शिट्टी शेठची. आणखी काही?

बेलापूरची_माई: बॅट्समन, माफी मागा.

रात्रीचा_बॅट्समन: काकांबद्दल बोलायला नको होतं. पण दहा वाजता दिवे बंद करा म्हणणाऱ्यांनी मैदानही दाखवावं.

घोडबंदरवासी: मूळ मुद्द्यावर या. अर्जेंटिनातल्या इबेराच्या पाणथळीत 2021 मध्ये जग्वार सोडले, कोरिएंतेस प्रांतात जवळपास 70 वर्षांनी. हे त्या टॉम्पकिन्स मंडळींचं काम, मान्य. घ्या, झालं समाधान? पण येऊर नॅशनल पार्कातच आहे, कागदावर राखलेलंच आहे. विकत घ्यायला शेठ कशाला हवा? आहे ते पाळा की.

बेलापूरची_माई: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर माझी भाजी करपली नसती.

पाड्यावरचा: साडेबारा वाजले. दिवे चालूच आहेत. बॅट्समन, स्कोअर काय झाला?