साठच्या दशकातले स्वस्तातले युरोपियन स्पाय पिक्चर, यातले बघण्यासारखे कोणते?

भिंगरी:
मंडळी, सध्या रात्री झोप येईना की मी ते इटालियन-फ्रेंच स्पाय पिक्चर लावून बसतो, तेच ते, हिरोला कसलातरी नंबर आणि व्हिलन कुठेतरी जमिनीखाली लेझर घेऊन जग बुडवायला बसलेला. टाईमपास आहेत पण ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे, इंग्लिश लावा नाहीतर इटालियन लावा, जुळतच नाही. आणि डायरेक्टरचं नाव बघावं तर पक्कं अमेरिकन, शोधलं की गडी रोमचा निघतो. हे सगळं पैसे नव्हते म्हणून का? आणि यात खरंच चांगलं काही आहे की नुसतं हसायलाच बघायचे?

रीळवाला:
ओठांचा पैशाशी फार संबंध नाही रे. इटलीत तेव्हा सेटवरचा आवाज वापरायची पद्धतच नव्हती, फेलिनीसारख्या बड्या दिग्दर्शकाचे पिक्चरही नंतर स्टुडिओतच डब व्हायचे. त्यात सेटवर हिरो इंग्लिश बोलतोय, हिरॉईन फ्रेंच, गुंड इटालियन, प्रत्येकजण आपापल्या भाषेत सुटलेला. मग मूळ भाषा कुठली म्हणणार? जो ट्रॅक कानाला बरा वाटेल तो लाव.

नावं बदलायचे ते मात्र परदेशात माल खपावा म्हणून. सर्जिओ ग्रिएको झाला टेरेन्स हॅथवे, सर्जिओ सोलिमा झाला सायमन स्टर्लिंग. सगळ्यात भारी अंतोनियो मार्गेरिती, त्यानं घेतलं अँथनी डॉसन, आणि त्याच नावाचा खराखुरा ब्रिटिश नट 'डॉक्टर नो' या पहिल्या बाँडपटात व्हिलनचा माणूस झालाय 😂

काटकसर_काका:
पैशाचं मी सांगतो. 'डॉक्टर नो' (१९६२) स्वतःच साधारण १० लाख डॉलरमध्ये झालेला, म्हणजे बाँडही सुरुवातीला काही फार श्रीमंत नव्हता. तो धो धो चालल्यावर इकडच्या निर्मात्यांनी त्याहून कितीतरी कमी पैशात तेच करायचं ठरवलं. इटली, फ्रान्स, स्पेन, पश्चिम जर्मनी असे दोन-तीन देश मिळून पिक्चर काढायचे, करारामुळे तो प्रत्येक देशात 'आपलाच' धरला जायचा आणि सरकारी मदत दोन्हीकडून. पण मग माणसंही प्रत्येक देशाची घ्यावी लागायची, ती भाषांची खिचडी त्यातूनच.

आणि फिल्मवर कसे पैसे वाचवायचे बघ. नेहमीच्या ३५ एमएम फिल्मवर एका फ्रेमला बाजूची चार छिद्रं लागतात. टेक्निकलर या रंगीत फिल्मवाल्या कंपनीच्या इटलीतल्या शाखेनं १९६० च्या सुमारास टेक्निस्कोप नावाची पद्धत काढली, त्यात दोनच. म्हणजे तेवढ्याच रिळात दुप्पट शूटिंग, वर साधी लेन्स लावूनही पडदाभर रुंद चित्र. फक्त निगेटिव्ह अर्धं असल्यानं दाणे दिसतात. त्यामुळे चित्र दाणेदार दिसलं की दर वेळी खराब प्रिंटला शिव्या घालू नकोस.

नायिका_नंबर_दोन:
बघायचंच तर ओएसएस ११७ नावाच्या सीक्रेट एजंटच्या फ्रेंच पिक्चरपासून सुरू कर. त्याला बाँडची कॉपी म्हणतात ते मला पटत नाही, झाँ ब्रूसची ही कादंबरीमालिका १९४९ ची, बाँडचं पहिलं पुस्तक १९५३ चं. पिक्चर आंद्रे हुनबेलचे, त्यातला १९६५ चा ब्राझीलवाला घे. हिरो फ्रेडरिक स्टॅफर्ड, ज्याला पुढे हिचकॉकनं 'टोपाझ'मध्ये घेतलं.

आणि हसायचं असेल तर १९६७ चा 'ओके कॉनरी' सोडू नकोस. शॉन कॉनरीचा सख्खा भाऊ नील, प्लास्टरचं काम करणारा माणूस, त्याला उचलून हिरो केलाय, आणि पात्राचं नावही डॉक्टर नील कॉनरी! सोबत बाँडमधले बर्नार्ड ली, लोइस मॅक्सवेल, अडोल्फो चेली, डानिएला बियांकी. आंधळे विणकर रेडिओॲक्टिव्ह गालिचे विणतायत असा सीन आहे, मी शप्पथ घेऊन सांगते. एवढं करून नीलचा आवाजही त्याचा नाही, दुसऱ्यानंच डब केलाय.

रीळवाला:
'ओके कॉनरी' एकदा ठीक आहे, तेही मोरिकोने आणि निकोलाई या संगीतकारांच्या म्युझिकसाठी. मी म्हणेन सोलिमाचा 'रेक्विएम फॉर अ सीक्रेट एजंट' (१९६६) बघ. मोरोक्कोतल्या टँजिअर शहरातली गोष्ट, स्टुअर्ट ग्रेंजर पैशासाठी काम करणारा एजंट, एकदम नालायक माणूस, कुठेही सहानुभूती मागत नाही. गॅजेट बिजेटच्या नादी न लागता नुसत्या माणसावर पिक्चर चालतो.

भिंगरी:
आज रात्री सोलिमाच. पण मग ही लाट एवढ्यात ओसरली कशी? १९६८ नंतरचं फारसं काही सापडतच नाही.

काटकसर_काका:
तीच माणसं घोड्यावर बसली ना, म्हणजे वेस्टर्न, काउबॉयचे पिक्चर काढायला लागली. वेस्टर्नला गॅजेटं नकोत, परदेशी हॉटेलं नकोत, स्पेनमधलं ओसाड रान पुरतं. सोलिमानंच १९६६ मध्ये 'रेक्विएम'सोबत 'द बिग गनडाऊन'ही काढला, आणि आज लोक सोलिमाला त्या वेस्टर्नसाठीच ओळखतात.